दाट कोटाच्या कुत्र्याला खरारा कुठला घ्यावा? पुण्यात मिळणाऱ्या साधनांची पारख

ब्रशमधून निघालेला केसांचा पुंजका केराच्या डब्यात टाकण्याआधी एकदा पांढऱ्या कागदावर पसरा. कुत्रा फिकट रंगाचा असेल तर काळा कागद घ्या. पुंजक्यात दोन प्रकारचे केस दिसतील. एक मऊ, फिकट, कुरळट, कापसासारखा एकमेकांत अडकणारा. ही आतली लव, म्हणजे अंडरकोट. दुसरा लांब, सरळ, राठ आणि टोकाकडे निमुळता होत गेलेला. हा वरचा कोट, ऊन-पावसापासून कातडी राखणारा. पुंजक्यात बहुतेक सगळी लव असेल आणि मधूनच एखादा राठ केस मुळासकट आला असेल, तर हातातलं साधन बरोबर आहे. राठ केस भरपूर असतील आणि त्यांची टोकं कात्रीने छाटल्यासारखी बोथट दिसत असतील, तर ते साधन गळलेले केस काढत नाही, जिवंत केस कापतं आहे.

‘डिशेडिंग टूल’ या एका नावाखाली दुकानात आणि ऑनलाइन जे काही विकलं जातं, त्या सगळ्याला ही एकच कसोटी लावायची. मराठीत या कामाला जुना शब्द आहे: खरारा. घोड्याला आणि बैलाला खरारा करताना सैल झालेली लव, धूळ आणि कोंडा सोडवून आणायचा असतो, हजामत करायची नसते. कुत्र्याच्या बाबतीतही काम तेवढंच आहे.

आधी कुत्रा बघा

लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, हस्की, रॉटवायलर, बीगल, पॉमेरेनियन आणि आपल्याकडे ‘पॉमेरेनियन’ म्हणूनच सांभाळला जाणारा इंडियन स्पिट्झ, हे सगळे दुहेरी कोटाचे. लॅब आणि बीगल आखूड केसांचे असल्यामुळे त्यांच्या अंगावर लव असते हे पटकन लक्षात येत नाही, पण लॅबची लव चांगलीच दाट असते. पाण्यात उतरणारी जात आहे ती. बॉक्सर आणि ग्रेट डेन एकेरी कोटाचे. शिह त्झू, ल्हासा, माल्टीज, पूडल यांचे केस माणसासारखे वाढत राहतात. त्यांना गुंता सोडवणं आणि कापणं लागतं, पण डिशेडिंगची बारीक दातांची स्टीलची पात त्यांच्या अंगाला कधीही लावू नये. देशी कुत्र्यांचा कोट बहुधा आखूड आणि पातळ असतो, काहींना थंडीत थोडी लव येते. त्यांना रबरी ब्रश पुरतो.

खात्री करायची असेल तर मानेच्या बाजूचे किंवा मांडीच्या मागचे केस बोटांनी दुभंगून कातडीपर्यंत बघा. राठ केसांच्या बुडाशी फिकट, मऊ थर दिसला की कोट दुहेरी. तिथेच शाळेची पट्टी उभी धरून लवीची खोली मोजा: पाठीवर किती, मानेवर किती, मांडीच्या झालरीत, म्हणजे मागच्या लांब केसांत किती. हे तीन आकडे मिलिमीटरमध्ये लिहून दुकानात न्या. रेकचे, म्हणजे लव काढायच्या लहान दाताळ्याचे दात किती लांब हवेत हे त्यावरून ठरतं. पाकिटावर छापलेल्या ‘मीडियम’, ‘लार्ज’वरून बहुतेक वेळा फक्त साधनाची रुंदी कळते.

कोटाची झड मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालते, हवामानाचा वाटा त्यानंतरचा. पुण्यात फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत मोठी झड आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुसरी, असा साधारण क्रम दिसतो. रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असलेल्या फ्लॅटमध्ये हा क्रम पुसट होतो आणि केस वर्षभर थोडे थोडे गळत राहतात. हस्कीची लव मात्र दोन-चार आठवड्यांत गठ्ठ्यांनी सुटते. कुत्री व्यायल्यानंतरही केस भरपूर जातात. हे सगळं नैसर्गिक आहे. टक्कल पडल्यासारखे गोल डाग, दोन्ही कुशींवर सारखीच विरळ झालेली जागा, सतत खाज, लाली किंवा कुबट वास असेल तर मात्र साधन विकत घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडची कमतरता, बुरशी आणि माइट (कातडीतले सूक्ष्म किडे) यांवर ब्रश हा उपाय नाही. बुरशी तर ब्रशमधून घरातल्या दुसऱ्या प्राण्याकडे आणि माणसांकडेही जाते.

उन्हाळ्यात मशीन फिरवू नका

मार्चमध्ये पार्लरांत ‘समर कट’ची मागणी सुरू होते. हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन, पॉमेरेनियन यांच्या बाबतीत याला ठाम नकार द्यावा. कुत्रा अंगाने घाम गाळून गार होत नाही, तो धापा टाकून गार होतो. वरचा कोट आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा थर असतो, तो बाहेरची उष्णता अडवतो. सुटलेली लव त्यात गच्च बसली की हवा खेळत नाही आणि तेव्हा कुत्र्याला उकडतं. सुटलेली लव काढली की काम झालं. मशीनने सगळाच कोट उतरवला तर कातडी थेट उन्हात उघडी पडते. शिवाय पॉमेरेनियन, हस्की, चाउ-चाउ यांसारख्या दाट कोटाच्या जातींत मशीन फिरवलेल्या जागी केस महिनोन्महिने, कधी वर्ष उलटलं तरी येत नाहीत, किंवा लव आधी वाढते आणि राठ केस मागे राहतात. मग कोट लोकरीसारखा होतो आणि रोज गुंततो. पंजांच्या गादीमधले केस, गुदद्वाराभोवतीचे केस, पोटाखालची झालर एवढं छाटायला हरकत नाही.

स्टीलचा कंगवा

पहिले पैसे यावर घाला. साधारण १९ सेंमी लांबीचा, अर्धे दात रुंद फटीचे आणि अर्धे बारीक फटीचे, असा अखंड स्टीलचा कंगवा. चांगला कंगवा काही शे रुपयांत येतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. हा लव काढण्यासाठी कमी आणि तपासण्यासाठी जास्त. ब्रश करून झालं असं वाटलं की रुंद दातांनी कातडीपासून टोकापर्यंत ओढायचा. अडखळला तर तिथे लव किंवा गाठ शिल्लक आहे. कान, कोपराची खोबण, कॉलरखालची जागा, मांडीची झालर आणि शेपटीचं बूड, या पाच ठिकाणी तो जवळजवळ नेहमी अडतो. घेताना दातांची टोकं तळहाताच्या मागच्या बाजूवर फिरवून बघा. ओरखडा जाणवला तर घेऊ नका. दात आणि दांडा यांच्या सांध्यात अंगठ्याचं नख घालून पाहा, दात हलता कामा नये.

रबरी ब्रश

लॅब, बीगल, रॉटवायलर यांच्यासाठी रोजचं साधन हेच. शंकूच्या आकाराचे जाड रबरी दात असलेला, तळहातात मावणारा ब्रश. गोलाकार फिरवला की सैल केस वर येतात, मग केसांच्या दिशेने ओढून काढायचे. यात कातडीला इजा व्हायची शक्यता सगळ्यात कमी. त्यामुळे पिल्लाला सवय लावायलाही हाच बरा. आंघोळीत शाम्पूच्या फेसावर वापरला तर केस आणखी चांगले निघतात, फक्त मोरीच्या जाळीवर आणखी एक बारीक जाळी ठेवा. कडक प्लास्टिकचे दात रबर म्हणून विकले जातात. दात दोन बोटांत धरून वाकवून बघा, सहज वाकून पुन्हा सरळ झाला पाहिजे. हातमोज्यासारखे ग्रूमिंग ग्लव्ह फक्त वरवरचे केस उचलतात. लाजऱ्या कुत्र्याला हाताळायची सवय लावायला ते चालतात, झडीच्या दिवसांत उपयोगाचे नाहीत.

स्लिकर

मधोमध वाकलेल्या बारीक तारांची गादी. गोल्डन, स्पिट्झ, हस्की यांच्यासाठी फार उपयोगी, आणि अनाड्याच्या हातात तितकाच त्रासदायक. कातडीवर दाबून, एकाच जागी पुन्हा पुन्हा ओढला की तारा कातडी खरवडतात. ग्रूमर याला ‘ब्रश बर्न’ म्हणतात. त्या वेळी काही दिसत नाही. काही तासांनी लाल पट्टा उमटतो, कुत्रा चाटत बसतो, आणि पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्या जागेचा ओलसर, चिघळलेला हॉट स्पॉट व्हायला वेळ लागत नाही.

विकत घेताना स्लिकर स्वतःच्या हातावर, कोपराच्या आतल्या नाजूक कातडीवर फिरवा. जेवढा जोर तुम्हाला सोसतो तेवढाच कुत्र्याला सोसतो. मग कापसाचा बोळा तारांच्या टोकांवरून अलगद फिरवा. धागे अडकले तर टोकं नीट घासलेली नाहीत. तारांच्या टोकांवर प्लास्टिकचे मणी असलेले स्लिकर सुरक्षित म्हणून खपतात. मणी शाबूत असेपर्यंत ते ठीक असतात, पण मणी गळू लागतात आणि मागे कापलेल्या तारेचं धारदार टोक उरतं. असा ब्रश घेतला असेल तर दर आठवड्याला मणी तपासा आणि पाच-सहा गेले की ब्रश बाद करा. बटण दाबून केस सोडणारे स्लिकर सोयीचे आहेत, मात्र त्यांची गादी बहुधा कडक असते. माझी पसंती मऊ, दाबली की आत जाणाऱ्या गादीच्या स्लिकरला, कारण हात जड पडला तर गादी थोडा जोर झेलते.

अंडरकोट रेक

जर्मन शेफर्ड आणि हस्की पाळणाऱ्यांनी मोठ्या झडीसाठी घ्यायचं साधन हे. लहान दाताळ्यासारखं, एका किंवा दोन ओळींत गोल टोकाचे धातूचे दात. दात राठ केसांच्या मधून खाली जातात आणि फक्त सुटलेली लव घेऊन वर येतात. धार नसते, म्हणून केस कापले जात नाहीत. काढायचं आणि कापायचं नाही, या कसोटीवर हातातल्या साधनांमध्ये हे सगळ्यात वरचं.

इथे पट्टीने मोजलेले आकडे कामी येतात. दात लवीच्या खोलीहून दोन-तीन मिलिमीटर लांब हवेत. आखूड पडले तर रेक वरवर घसरतो, आत घट्ट थर राहतो आणि मालकाला वाटतं काम झालं. फार लांब झाले तर टोकं कातडीवर टेकून ओढली जातात, विशेषतः कणा, खुबा आणि कोपर यांवर. पाठीवर आणि मांडीवर खोलीत मोठा फरक असेल तर पाठीच्या मापाचा रेक घ्या आणि झालर कंगव्याने करा. दोन ओळींचा रेक भराभर केस काढतो, पण गाठीत अडकला तर दुप्पट ओढतो. पहिल्यांदा घेणाऱ्याने एका ओळीचा घ्यावा. फिरत्या दातांचा रेक मिळाला तर उत्तम. गाठ लागली की दात फिरतो आणि केस ताणला जात नाही. दुकानातच प्रत्येक दात बोटाने फिरवून बघा. वापरात दाताच्या बुडाशी केस गुंडाळले जातात आणि दात फिरायचे थांबतात, ते चिमट्याने काढत राहा. लॅबसाठी रेक क्वचितच लागतो.

पातीचं साधन

सगळ्यात जास्त जाहिरात याची, आणि सगळ्यात जास्त गैरवापरही याचाच. हँडलला आडवी, अगदी बारीक दातांची स्टीलची पात. फर्मिनेटर हा यातला प्रसिद्ध अमेरिकी ब्रँड, आणि त्याच्या नावानेच आता सगळ्या पाती ओळखल्या जातात. पातीची घडण केस कापायच्या मशीनच्या ब्लेडसारखी असते. हलक्या हाताने, केसांच्या दिशेने ओढली तर दातांमध्ये सैल लव अडकून येते. जोर दिला, कोन बदलला किंवा त्याच जागी फिरवत राहिलं, की तीच पात राठ केसांना घासते आणि तोडते. निघालेल्या केसांचा ढीग मोठा दिसतो म्हणून मालक खूष होतात. दोन-तीन महिन्यांनी पाठीवर निस्तेज, पिंजारलेला पट्टा दिसू लागतो. तो पट्टा म्हणजे तुटलेले वरचे केस, आणि नवीन केस येईपर्यंत तो जात नाही.

तरीही ही पात निरुपयोगी नाही. लॅब आणि बीगलच्या ऐन झडीत, रबरी ब्रशने भागत नाही तेव्हा ती चांगलं काम करते. आखूड आणि लांब केसांसाठी पाती वेगळ्या येतात, फर्मिनेटरच्या बाबतीत ही सीमा ५ सेंमीच्या आसपास आहे. लांब केसांना आखूड दातांची पात लावली की केस तुटलेच म्हणून समजा. वापरायची रीत अशी: कुत्रा धुतलेला आणि पूर्ण कोरडा असावा. आधी कंगव्याने गाठ नाही याची खात्री करावी. पात कातडीला समांतर ठेवून, दहा-बारा सेंमीचे छोटे फटकारे द्यावेत. एका जागी तीन, फार तर चार. जोर साधनाच्या स्वतःच्या वजनाएवढा. एका बैठकीत दहा मिनिटं, झडीच्या काळात आठवड्यातून एकदा. केस कमी निघू लागले की तिथेच थांबायचं, ‘अजून थोडे निघतील’ म्हणून रेटायचं नाही. पोट, सड, जननेंद्रिय, कान, कोपर, खुब्याचं हाड, चामखीळ, जखम आणि गाठ यांवर पात न्यायचीच नाही. गोल्डन, हस्की आणि स्पिट्झ यांच्यासाठी मी ही सुचवणार नाही, त्यांना रेक आणि स्लिकर आहेत.

नकली पातींचा सुळसुळाट आहे. मूळ वस्तू काही हजारांच्या घरात आणि हुबेहूब दिसणारी दोन-चारशेत मिळत असेल, तर फरक पातीत असतो. भिंगातून दात बघा. उंची कमी-जास्त, कडांवर खरखर, मुलामा सुटलेला दिसला तर परत करा. लोहचुंबक लावून अस्सल स्टील ओळखायचा सल्ला दिला जातो. तो इथे चालत नाही, कारण पातीसाठी वापरलं जाणारं चांगलं स्टीलही चुंबकाला चिकटतं.

वाकड्या, धारदार दातांचा ‘मॅट ब्रेकर’ किंवा पातींचा रेक डिशेडिंगच्या खणात ठेवलेला दिसतो. तो गाठी कापण्यासाठी आहे. नेहमीच्या खराऱ्यासाठी घेऊ नका.

ब्लोअर, आणि पार्लरमध्ये काय विचारायचं

कातडीला धातू न लावता लव सर्वांत चांगली काढणारी गोष्ट म्हणजे वेगाने हवा फेकणारा ग्रूमिंग ड्रायर. वारा कोट दुभंगून बुडाशी जातो आणि सैल लव उडवून देतो. तुटणारा केस जवळपास नसतो. घरी घ्यायचा असेल तर वीज बघा. २,००० ते २,४०० वॅटचं यंत्र २३० व्होल्टवर सुमारे ९ ते साडेदहा अँपिअर ओढतं. भिंतीवरचा लहान ६ अँपिअरचा सॉकेट यासाठी नाही, गीझरला असतो तसा १६ अँपिअरचा हवा, आणि एक्स्टेंशन बोर्ड नको. यंत्र पंधरा-वीस मिनिटं चाललं की मोटरच्या उष्णतेने हवा तापते. एप्रिलच्या पुण्यात ती आणखी तापते, म्हणून मधूनमधून हवा स्वतःच्या मनगटावर घेऊन पाहा. फिल्टर केसांनी तुंबला तर तापणं वाढतं. चेहरा, कान आणि गुदद्वार यांवर झोत मारू नका. लांब केसांवर अरुंद नळी एका जागी धरली तर टोकं फेर धरून गाठी पडतात, म्हणून नळी कातडीच्या जवळ आणि सतत सरकती ठेवा. आवाज मोठा असतो. कानांवर सुती पट्टी सैल बांधा आणि पहिले काही दिवस यंत्र दुसऱ्या खोलीत चालू करून कुत्र्याला खाऊ द्या.

माणसांचा हेअर ड्रायर हा त्याला पर्याय नाही, त्यात उष्णता जास्त आणि वेग कमी. बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत मिळणारे धूळ झटकायचे ब्लोअर काही जण वापरतात. वेग असतो, पण झोत फार अरुंद आणि आवाज कर्कश. फक्त पाठ आणि मांड्यांवर, लांबून वापरले तर चालतात, भित्र्या कुत्र्यावर नकोत. व्हॅक्यूमला जोडायचे ब्रश केस घरभर उडू देत नाहीत हे खरं, पण जोडलेलं टोक बहुधा पातीचंच असतं. त्यामुळे वरचे सगळे नियम त्यालाही लागू.

बहुतेकांनी ब्लोअर घेण्यापेक्षा मार्चमध्ये एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा पार्लरमध्ये ब्लो-आउट, म्हणजे ब्लोअरने लव उडवून काढण्याचं काम, करून घ्यावं आणि मधल्या काळात घरी ब्रश करावं. औंध, बाणेर, कोथरूड, कल्याणीनगर, विमाननगर या भागांत पार्लर आणि घरी येणाऱ्या ग्रूमिंग व्हॅन दोन्ही सहज मिळतात. ‘डिशेडिंग पॅकेज’ म्हणजे नक्की काय, हे फोनवरच विचारा. कोरड्या कोटावर आधी गुंता सोडवणार का? आंघोळीनंतर कंडिशनर लावणार का? लव ब्लोअरने काढणार की पातीने? पिंजऱ्यात बंद करून गरम हवेने वाळवत असाल तर तिथे कोणी हजर असतं का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घुटमळत आलं तर तिथे जाऊ नका. बंद पिंजऱ्यात गरम हवेने कुत्रे दगावू शकतात, आणि चपट्या नाकाच्या जातींना धोका सगळ्यात मोठा. आणखी एक खूण वेळेची आहे. पूर्ण वाढलेल्या गोल्डनची लव मनापासून काढून तो बुडापासून वाळवायला दोन तासांच्या आसपास लागतात. पाऊण तासात ‘झालं, घेऊन जा’ असा फोन आला तर लव आतच आहे. कंगवा सोबत न्या आणि पैसे देण्याआधी मांडीच्या झालरीतून आणि कानामागून एकदा ओढून बघा. चांगल्या ग्रूमरला याचा राग येत नाही.

साधनं दोन कुत्र्यांच्या मध्ये धुतली जातात का, तेही पाहा. नुसते केस झटकणं पुरेसं नाही. साबणाने धुणं, जंतुनाशकात बुडवणं आणि वाळवणं, एवढं व्हायला हवं.

घरी ब्रश करण्याची रीत

क्रम चुकला की चांगलं साधनही फसतं. आंघोळीच्या आधी गाठी सोडवा. पाणी लागलं की गाठ आवळते आणि तिच्याखालची कातडी ओली राहते. गाठ सोडवताना ती बुडाशी दोन बोटांत धरा, म्हणजे ओढ कातडीवर जात नाही, आणि टोकाकडून आत या. गाठ कातडीला चिकटली असेल तर कात्री लावू नका. कातडी वर ओढली जाऊन गाठीत येते आणि कापली जाते. अशी गाठ ग्रूमरकडून मशीनने काढून घ्यावी.

दाट कोटाला वरून ब्रश फिरवून उपयोग नाही. मागच्या पायाच्या खालच्या बाजूपासून सुरुवात करा. डाव्या हाताने केस वर दाबून धरा, खाली कातडीची रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेखालचा दोन-तीन सेंमीचा पट्टा कातडीपासून बाहेर ब्रश करा. मग हात थोडा वर सरकवून पुढची रेघ. भिंतीला रंग देताना पट्ट्यापट्ट्याने जातात तसं. एका दिवसात पूर्ण हस्की करायचा अट्टहास नको. आज मागचे पाय आणि शेपटी, उद्या कुशी, परवा छाती आणि मान. पंधरा-वीस मिनिटांनी कुत्रा मान वळवून ब्रशकडे बघू लागतो, ओठ चाटतो, जांभया देतो. तेव्हा थांबा.

वाळवताना बोटं आत घालून कातडी चाचपा. कानामागे, कॉलरखाली आणि मांडीच्या झालरीत गारवा लागला तर लव अजून ओली आहे. पावसाळ्यात टेकडीवरून भिजून आल्यावरही हेच. वरचा कोट कोरडा दिसतो आणि आत ओल राहते. शाम्पू कुत्र्यांचाच घ्या. माणसाच्या कातडीपेक्षा कुत्र्याची कातडी आम्लतेत बरीच सौम्य असते, आपल्या शाम्पूने ती कोरडी पडून कोंडा होतो. टँकर किंवा बोअरचं जड पाणी असलेल्या भागांत शाम्पू नीट निघत नाही. तिथे तो पाण्यात कालवून लावा आणि शेवटची धार जास्त वेळ द्या.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी इथून फिरून आल्यावर रेक लगेच उचलू नका. कुसळी गवताची कुसळं आणि आघाड्याचं बी लवीत शिरलेलं असतं. रेकने ओढलं की कुसळ आडवं होऊन कातडीत घुसतं, आणि एकदा टोचलं की ते पुढेच सरकतं. आधी बोटांनी चाचपून, बोटांच्या बेचक्या, काखा आणि कान बघून, एकेक काढा. गोचीड सापडली तर अरुंद टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढा आणि स्पिरिटमध्ये टाका. रॉकेल, तेल किंवा जळती काडी लावू नका. रेक किंवा पात गोचिडीवरून गेली तर तिचं धड तुटतं आणि तोंड कातडीत राहतं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कुत्रा मलूल झाला, खाईना, हिरड्या फिक्या दिसल्या तर डॉक्टरांना गोचीड सापडल्याचं आवर्जून सांगा.

कुणी काय घ्यावं

लॅब किंवा बीगल: रबरी ब्रश आणि कंगवा. ऐन झडीसाठी हवी असल्यास आखूड केसांची चांगली पात. गोल्डन: मऊ गादीचा स्लिकर, कंगवा आणि एका ओळीचा रेक. जर्मन शेफर्ड, हस्की: आधी मापाचा रेक, मग कंगवा, स्लिकर झालरीपुरता. स्पिट्झ, पॉमेरेनियन: छोटा स्लिकर आणि कंगवा, रेक घ्यायचाच तर अरुंद डोक्याचा, कारण यांची कातडी पातळ आणि हाडं अगदी वर. एवढ्यात काम होतं. दहा नगांचे ‘ग्रूमिंग किट’ घेऊ नका. त्यातली कात्री बोथट असते आणि पात धारदार, म्हणजे बरोबर उलटं.

वापर झाला की केस काढून, साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश यांनी दात घासून साधन पूर्ण वाळवा. स्लिकरच्या गादीत पाणी शिरलं तर तारा बुडातून गंजतात, म्हणून तो पालथा टांगून ठेवा. गोचिडीचं औषध मानेवर टाकलं असेल तर बहुतेक औषधांच्या बाबतीत आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको, आणि औषध सुकेपर्यंत त्या जागी ब्रशही नको. नेमकी मुदत औषधाच्या पाकिटावर दिलेली असते. असं औषध लावलेल्या कुत्र्याचे केस चिमण्या-बुलबुलांच्या घरट्यासाठी म्हणून गॅलरीत किंवा झाडावर ठेवू नका. औषध केसांत उरतं आणि घरट्यातल्या पिल्लांपर्यंत जातं. ते केस कागदात गुंडाळून कचऱ्यात द्यावेत.